चार धन्यांच्या पदरी राहिलेला इतिहासकार

इ.स.पू. 323 च्या जूनमध्ये बॅबिलोनला अलेक्झांडर वारला तेव्हा तो 32 वर्षांचा होता. मागे वारस म्हणावा तर एक मतिमंद सावत्र भाऊ आणि राणीच्या पोटातलं मूल. राज्य मात्र ग्रीसपासून पंजाबपर्यंत पसरलेलं. पुढची चाळीसेक वर्षं त्याच्या सरदारांनी एकमेकांचे गळे कापत ते आपापसांत वाटून घेतलं. आपल्याला शाळेपासून ठाऊक असलेला सेल्युकस निकेटर, चंद्रगुप्त मौर्याला मुलूख देऊन 500 हत्ती घेऊन गेलेला, तो याच सरदारांपैकी एक. इजिप्तचा टॉलेमीही त्यांच्यातलाच.

हा काळ विलक्षण गुंतागुंतीचा आहे. आज मित्र असलेले उद्या वैरी, एकाच नावाची तीन-तीन माणसं, आणि फौजा तर पगार देईल त्याच्या. तरीही पहिल्या वीस-बावीस वर्षांत कोणती लढाई कुठं झाली, कोणाकडे किती घोडदळ होतं, कोण कुणाला फितूर झालं, हे आपल्याला चकित व्हावं इतक्या तपशिलात माहीत आहे. त्याचं श्रेय बहुतांशी एका माणसाला जातं. कार्डिया गावचा हिएरोनिमस. अलेक्झांडरच्या मृत्यूपासून पुढच्या निदान पन्नास वर्षांचा इतिहास त्यानं लिहिला, आणि त्यातला बराचसा स्वतः त्या छावण्यांत राहून लिहिला.

अडचण एवढीच, की त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. सलग असं एक पानही उरलेलं नाही.

मग आपण त्याच्याबद्दल बोलतो ते कशाच्या जोरावर? प्राचीन ग्रंथ नाहीसे झाले तरी पुढच्या लेखकांनी त्यांच्यातून घेतलेले उतारे आणि केलेले उल्लेख उरतात. 'हिएरोनिमस असं म्हणतो' अशी एखादी ओळ, एखादा आकडा, एखादी तक्रार. विसाव्या शतकात फेलिक्स याकोबी या जर्मन विद्वानानं शेकडो हरवलेल्या ग्रीक इतिहासकारांचे असे तुकडे एकत्र केले. त्या प्रचंड संग्रहात हिएरोनिमसचा क्रमांक 154. त्याच्या नावावर नक्की टाकता येतील असे तुकडे दोन डझनही भरत नाहीत.

खरा साठा दुसरीकडे आहे. इ.स.पू. पहिल्या शतकात सिसिलीच्या डायोडोरसनं चाळीस खंडांचा जगाचा इतिहास लिहिला. हा गृहस्थ मुळात संकलक. समोर जुना ग्रंथ ठेवायचा आणि त्याचा गोषवारा उतरवायचा, ही त्याची पद्धत. त्याच्या अठराव्या खंडापासून, म्हणजे नेमका अलेक्झांडरच्या मृत्यूपासून, लेखनाचा पोत बदलतो. सैन्याचे आकडे नेमके येतात, भूगोल नीट कळतो, आणि युमेनिस नावाच्या एका सरदाराला त्याच्या वकुबापेक्षा कितीतरी जास्त जागा मिळते. हा युमेनिससुद्धा कार्डियाचाच.

पुरावा कसा जुळतो याचं एक उदाहरण सांगतो. अलेक्झांडरचं शव बॅबिलोनहून न्यायला एक गाडा बांधला होता. तो तयार व्हायला जवळपास दोन वर्षं लागली. डायोडोरसनं तो आपल्यापुढं अक्षरशः उभा केला आहे: वर सोन्याचं छत, भोवती खांब, कोपऱ्यांना लोंबणाऱ्या मोठ्या घंटा, ओढायला 64 खेचरं, प्रत्येक खेचराच्या डोक्यावर सोन्याचा मुलामा दिलेला मुकुट आणि दोन्ही गालांशी एकेक सोन्याची घंटी. डायोडोरस इथं कुणाचंच नाव घेत नाही. पण त्याच्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी अथेनेयस हा लेखक सहज बोलता बोलता सांगून जातो, की अलेक्झांडरच्या शवाच्या गाड्यासाठी हिएरोनिमसची वाखाणणी होते. अशा सांध्यांवरून अभ्यासकांनी ठरवलं, की डायोडोरसचे 18 ते 20 हे खंड मुख्यतः हिएरोनिमसवर बेतलेले आहेत. यात प्रत्येक वाक्याची खात्री कुणी देणार नाही. मोठा सांगाडा मात्र जवळपास सर्वांना मान्य आहे.

आता माणसाकडे वळू. कार्डिया हे ग्रीक शहर आज तुर्कस्तानात असलेल्या गॅलिपोलीच्या द्वीपकल्पावर होतं. तिथला युमेनिस अलेक्झांडरचा चिटणीस होता, सगळा पत्रव्यवहार त्याच्या हातून जाई. धनी गेल्यावर या चिटणिसानं तलवार हाती घेतली आणि भल्याभल्या सेनापतींना धूळ चारली. मॅसिडोनियन सरदार त्याला मनातून कायम परका मानत आले; लेखणीवाला, वर बाहेरगावचा. हिएरोनिमस त्याच्या विश्वासातला माणूस. दोघं नातलग असावेत असा काहींचा तर्क आहे.

इ.स.पू. 320-319 मध्ये अलेक्झांडरचाच दुसरा एक सरदार, एकाक्ष अँटिगोनस, यानं युमेनिसला तुर्कस्तानातल्या नोरा नावाच्या एका चिमुकल्या किल्ल्यात कोंडलं. किल्ल्याचा घेर चारशे मीटरांच्या आत, आत सहा-सातशे माणसं आणि घोडे. धान्य, मीठ, सरपण होतं, बाकी आनंद. सगळ्यात मोठी पंचाईत घोड्यांची. महिनोन्‌महिने एका जागी उभं राहून ते निकामी झाले असते. त्यावर युमेनिसनं युक्ती काढली. घोड्याच्या मानेभोवती दोर टाकून तो आढ्याला बांधायचा आणि पुढचं अंग हळूहळू वर खेचायचं, इतकं की मागचे पाय जमिनीवर घट्ट आणि पुढच्या खुरांची फक्त टोकं टेकलेली. मग मागून आरडाओरडा करत काठीनं डिवचायचं. घोडा जागच्या जागी उड्या मारून घामाघूम होई. हा प्रसंग ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं रंगवून सांगितला आहे आणि डायोडोरसकडेही आहे. दोघांचं मूळ एकच असणार, हे उघड आहे.

या वेढ्यातून हिएरोनिमस वकील म्हणून बाहेर पडला आणि मॅसिडोनियात, तेव्हा राज्याचा कारभार पाहणाऱ्या अँटिपेटरकडे गेला. पुढं अँटिपेटर वारला, आणि अँटिगोनसनं याच वकिलाला हाताशी धरून युमेनिसकडे तहाचा निरोप पाठवला. म्हणजे ज्यानं कोंडलं त्याच्याशीही हिएरोनिमसची तोंडओळख तेव्हाच झाली होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढं ती कामाला आली.

सुटल्यावर युमेनिस पूर्वेकडे सरकला. तिथं त्याला हत्ती मिळाले. अलेक्झांडरनं युडॅमस नावाच्या एका अधिकाऱ्याला पंजाबच्या बाजूला ठेवलं होतं. अलेक्झांडर मेल्यावर यानं पोरस राजाला दग्यानं मारलं, त्याचे 120 हत्ती घेतले आणि इराणात युमेनिसला येऊन मिळाला. झेलमच्या लढाईनंतर पोरसचं काय झालं, असं अनेकदा विचारलं जातं. त्याचं उत्तर या खंडांत एका ओळीत आहे, तेही हत्तींचा हिशेब सांगता सांगता.

इ.स.पू. 317 च्या सुमाराला इराणात, आजच्या इस्फहानच्या परिसरातल्या पारायटाकेने प्रांतात, युमेनिस आणि अँटिगोनस समोरासमोर आले. युमेनिसकडे 35,000 पायदळ, 6,100 घोडेस्वार आणि 114 हत्ती. युडॅमसच्या 120 मधले सहा मधल्या मधे कुठं गेले कुणास ठाऊक, पण असे न जुळणारे आकडेच मला खरे वाटतात. थापा मारणारा माणूस गोळाबेरीज नीट जुळवतो. लढाई अनिर्णित राहिली. अँटिगोनसची 3,700 पायदळ आणि 54 घोडेस्वार पडले, युमेनिसची पायदळातली 540 माणसं.

मग प्रेतं उचलताना जे घडलं, ते भारतीय वाचकानं थांबून वाचावं असं आहे. युमेनिसच्या सैन्यात हिंदुस्थानातली एक तुकडी होती. तिचा नायक मारला गेला. ग्रीक मजकुरात त्याचं नाव केतेउस असं आलंय. त्यामागचं मूळ भारतीय नाव काय, हे सांगता येत नाही. त्याच्या दोन बायका छावणीत होत्या. एक नुकतीच लग्न होऊन आलेली, दुसरी काही वर्षांपूर्वीची. दोघींनीही नवऱ्याबरोबर चितेवर जाण्याचा हक्क मागितला. रिवाजाप्रमाणे एकीलाच जाता येत होतं. निवाडा सेनापतींपुढं आला. धाकटी म्हणाली, थोरली गरोदर आहे, तिला हा अधिकार नाही. थोरली म्हणाली, वडीलपणाचा मान माझा. सुइणींकडून तपासणी झाली, गर्भ असल्याचं निश्चित झालं आणि कौल धाकटीच्या बाजूनं गेला. थोरली डोक्यावरची माळ ओरबाडून काढत, केस उपटत, आक्रोश करत निघून गेली; जणू मोठं संकट कोसळल्याची बातमी तिला कळली होती.

धाकटीला नवरीसारखं सजवलं होतं. तिचे नातलग तिच्या गुणांची गाणी म्हणत बरोबर चालत होते. चितेजवळ आल्यावर तिनं अंगावरचे दागिने एकेक करून उतरवले आणि जवळच्या माणसांना, दासींना वाटले. बोटांत रंगीबेरंगी खड्यांच्या अंगठ्या, डोक्यावर रत्नजडित सोन्याच्या चांदण्या, गळ्यात लहानापासून मोठ्या होत गेलेल्या माळा. भावानं हात देऊन तिला वर चढवलं. ती नवऱ्याशेजारी आडवी झाली. आग लावण्याआधी सगळ्या सैन्यानं शस्त्रांसह चितेला तीन प्रदक्षिणा घातल्या. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. बघणाऱ्यांत काहींना दया आली, काहींनी तिची तोंड भरून स्तुती केली, आणि काही ग्रीकांनी हा रिवाज रानटी आणि निर्दय आहे असं स्पष्ट बोलून दाखवलं.

सहगमनाचं इतकं जुनं, इतकं तपशीलवार वर्णन दुसरीकडे सापडत नाही. आणि ते आलंय इराणातल्या एका रणांगणावरून, परक्या माणसाच्या नजरेतून. दागिन्यांची ही यादी ऐकीव वाटत नाही. कोणीतरी ती जवळ उभं राहून पाहिली आहे. हिएरोनिमस त्या छावणीत होता. मात्र या प्रथेचं कारण देताना त्याची, किंवा डायोडोरसची, गाडी घसरते. बायका नवऱ्यांना विष घालत म्हणून असा कायदा केला, असं तिथं लिहिलंय. ही ग्रीकांमध्ये फिरणारी दंतकथा. ती दुसऱ्या ग्रीक लेखकांकडेही आढळते. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं यांचा दर्जा एकाच उताऱ्यात किती वेगळा असू शकतो, ते इथं कळतं.

त्याच हिवाळ्यात गाबिएनेची लढाई झाली आणि खेळ संपला. युमेनिसच्या सैन्याचा कणा म्हणजे 'रुपेरी ढालवाले', अलेक्झांडरच्या बापापासून लढत आलेले मुरलेले शिपाई. त्यांतला सगळ्यात तरुण साठीचा, असं डायोडोरस सांगतो. आपल्या बाजूला त्यांनी शत्रूची दाणादाण उडवली. पण मैदानावर धुळीचा लोट उठला होता आणि त्याच्या आडून अँटिगोनसच्या घोडेस्वारांनी मागचा तळ लुटला. तळावर या म्हाताऱ्यांची बायकामुलं होती, जन्मभराची कमाई होती. ती परत मिळावी म्हणून त्यांनी आपला सेनापती बांधून अँटिगोनसच्या हवाली केला. युमेनिस मारला गेला. हत्तीवाला युडॅमसही वाचला नाही.

जखमी कैद्यांत हिएरोनिमस होता. डायोडोरस इथं त्याचं नाव घेऊन सांगतो, की आधी युमेनिसकडे मानानं राहिलेला हा इतिहासकार त्याच्या मृत्यूनंतर अँटिगोनसच्या मर्जीत आला. एवढंच. मित्राला मारणाऱ्याच्या चाकरीत जाताना मनात काय होतं, यावर अवाक्षर नाही. तेव्हाच्या जगात ही रीतच होती. माणूस हरला की फौज, हत्ती, कारकून सगळंच जिंकणाऱ्याच्या खाती जमा होई.

अँटिगोनसनं इ.स.पू. 312 च्या सुमाराला त्याला एक अजब काम दिलं: मृत समुद्रातलं डांबर गोळा करणं. त्या खाऱ्या सरोवरात तळातून नैसर्गिक डांबराचे प्रचंड गोळे वर येत आणि बेटासारखे तरंगत. आसपासचे लोक मोठ्या गोळ्याला 'बैल' आणि लहानाला 'वासरू' म्हणत. गोळा वर यायच्या आधी वीस दिवस वास सुटे, आणि परिसरातलं सोनं-चांदी-पितळ काळवंडे. दोन्ही काठांवरचे लोक वेताच्या जुड्यांचे तराफे घेऊन त्यावर तुटून पडत. तराफ्यावर तीनच माणसं; दोन वल्हवायला, तिसरा धनुष्य घेऊन, दुसऱ्या काठाच्या लोकांना पिटाळायला. मग गोळ्यावर चढून कुऱ्हाडीनं मऊ दगडासारखे तुकडे पाडायचे. हा माल जाई इजिप्तला, प्रेतं टिकवण्याच्या मसाल्यात घालायला. पैसा बक्कळ होता, म्हणूनच अँटिगोनसची नजर तिथं गेली.

हिएरोनिमसनं होड्या तयार करवल्या आणि काम सुरू केलं. सहा हजार अरब तराफ्यांवरून चालून आले, आणि होड्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना त्यांनी बाणांनी टिपलं. योजना तिथंच बुडाली. हा फजितीचा किस्सा डायोडोरसपर्यंत पोचला, कारण बहुधा हिएरोनिमसनंच तो लिहून ठेवला. दरबारी माणसानं स्वतःचं अपयश नोंदवावं, ही माझ्या लेखी त्याच्या बाजूनं जाणारी मोठी गोष्ट आहे.

ज्यांनी त्याची माणसं मारली ते अरब म्हणजे नबाती, पुढं आजच्या जॉर्डनमधल्या पेट्राची कोरीव लेणी उभारणारे. त्यांचं सगळ्यात जुनं वर्णन याच पानांत आहे, आणि त्यात रागाचा लवलेश नाही. ते तेव्हा दहा हजारांहून फारसे जास्त नव्हते. धान्य पेरायचं नाही, फळझाड लावायचं नाही, दारू प्यायची नाही, घर बांधायचं नाही. मोडेल त्याला मृत्युदंड. कारण जमीनजुमला आला की त्यापायी बलवान लोक आपल्याला वाकवतील. वाळवंटात ते जमिनीखाली पाण्याची टाकी खोदत. तोंड अगदी लहान, आत सुमारे शंभर फूट रुंद. पावसानं भरली की तोंड बुजवून जमीन सारखी करायची आणि आपल्यालाच कळेल अशी खूण ठेवायची. शत्रू आला तर तो तहानेनं मरे.

या भागात त्याचा मुक्काम झाल्यामुळं एक जुनी तक्रारही निघाली. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस वैतागून लिहितो, की हिएरोनिमस सीरियाचा कारभार पाहत होता, आमच्या शेजारीच राहिला, तरी आमचा एका शब्दानं उल्लेख करत नाही.

इ.स.पू. 301 ला इप्ससच्या रणांगणावर अँटिगोनस पडला. त्याला हरवण्यात सेल्युकसच्या हत्तींचा, म्हणजे चंद्रगुप्ताकडून आलेल्या हत्तींचा, मोठा वाटा होता. हिएरोनिमस अँटिगोनसच्या बाजूनं तिथं होता, पण त्यानं या लढाईबद्दल काय लिहिलं ते गेलं. डायोडोरसचा विसावा खंड इ.स.पू. 302 ला, फौजा इप्ससकडे निघालेल्या असताना संपतो, आणि पुढच्या खंडांचे फक्त तुकडे शिल्लक आहेत. हिएरोनिमसकडून आलेली एकच गोष्ट उरली, ती म्हणजे मरताना अँटिगोनस 81 वर्षांचा होता. इथून पुढच्या काळाची सालंसुद्धा धड लागत नाहीत. एक संकलक थांबला आणि आपण एकदम अंधारात आलो.

अँटिगोनसच्या मुलानं, डिमिट्रियसनं, इ.स.पू. 293 मध्ये हिएरोनिमसला ग्रीसमधल्या थीब्ज शहरावर कारभारी नेमलं. तिथं लवकरच बंड झालं. कारभारी म्हणून त्याचं नशीब एकूण बेताचंच. डिमिट्रियस शेवटी सेल्युकसच्या कैदेत मेला. त्याचा मुलगा अँटिगोनस गोनाटस मॅसिडोनियाचा राजा झाला आणि म्हातारा हिएरोनिमस त्याच्या आश्रयाला राहिला. तीन पिढ्यांचं मीठ खाल्लं. ग्रंथ बहुधा इथंच पुरा झाला.

आणि इथंच त्याच्यावरचा जुना आरोप येतो. दुसऱ्या शतकातला प्रवासवर्णनकार पॉसॅनियस म्हणतो, हा राजेलोकांचा द्वेष करतो, अपवाद फक्त गोनाटसचा. लायसिमॅकस या राजानं एपायरसच्या राजांची थडगी उकरली, हे हिएरोनिमसचं विधान त्याला पटत नाही. ते अलेक्झांडरच्या आईचं घराणं होतं, लायसिमॅकस असं कशाला करेल? पॉसॅनियसच्या मते खरं कारण वेगळं: लायसिमॅकसनं कार्डिया मोडून तिथल्या लोकांना आपल्या नव्या शहरात, लायसिमॅकियात, नेऊन बसवलं होतं. गाव मोडलं त्याचा राग लेखणीतून निघाला. राजाच्या सहवासात राहणाऱ्यानं पक्षपात करावा हे ओघानंच आलं, असंही तो जाता जाता म्हणतो.

आरोप अगदीच पोकळ नाही. युमेनिस त्याच्या पानांवर जरा जास्तच हुशार दिसतो. पण दुसरी बाजू पाहा. एपायरसचा राजा पिऱ्हस हा गोनाटसचा कट्टर शत्रू, त्यानं गोनाटसचं राज्यही काही काळ हिसकावलं होतं. हा पिऱ्हस रोमनांशी इटलीत हेराक्लिआला लढला, तेव्हा त्याची 13,000 माणसं पडली असा एक आकडा प्लुटार्क देतो. हिएरोनिमसचा आकडा आहे चार हजारांच्या आत. रोमनांचे 15,000 ऐवजी 7,000. पुढच्या, आस्क्युलमच्या लढाईसाठी तो पिऱ्हसच्या बाजूचा आकडा देतो 3,505, आणि तो खुद्द पिऱ्हसच्या दफ्तरातल्या नोंदींवरून. धन्याच्या वैऱ्याचं नुकसान फुगवून सांगायची आयती संधी होती. त्यानं ती घेतली नाही, वैऱ्याचे कागद मिळवून पाहिले.

याच युद्धाच्या निमित्तानं त्यानं रोमच्या सुरुवातीच्या इतिहासाचा थोडक्यात आढावा घेतला. असं करणारा माझ्या माहितीतला तो पहिलाच ग्रीक, अशी पावती हॅलिकार्नाससचा ग्रीक इतिहासकार डायोनिसियस यानं दिली आहे. गंमत म्हणजे त्याच डायोनिसियसनं एका दुसऱ्या पुस्तकात, शेवटपर्यंत वाचवत नाहीत अशा लेखकांच्या यादीत हिएरोनिमसला बसवलंय. यादीत पॉलिबियससारखा नामांकित इतिहासकारसुद्धा आहे. त्या काळात पुस्तक टिकायचं ते कोणीतरी पुन्हा हातानं नक्कल केली तरच, आणि नकला व्हायच्या त्या वक्तृत्वाच्या शाळांत आवडणाऱ्या गद्याच्या. हिएरोनिमसची भाषा त्यांना रूक्ष वाटली. त्यात त्याचा मजकूर डायोडोरसमध्ये आटोपशीर मिळत होता. मूळ जाडजूड ग्रंथ कोण उतरवत बसणार?

स्वतः मात्र तो 104 वर्षं जगला. अगाथार्किडीस या लेखकाच्या हवाल्यानं ही नोंद आली आहे, आणि त्यालाही तिचं नवल वाटलेलं दिसतं: इतक्या लढाया, इतक्या जखमा, तरी शेवटच्या दिवसापर्यंत सगळी इंद्रियं शाबूत होती.

ज्यांना स्वतः वाचायचं असेल त्यांनी डायोडोरसचं इंग्रजी भाषांतर उघडावं, ते इंटरनेटवर फुकट मिळतं. अठराव्या खंडापासून सरळ सुरुवात केलीत तर नावांच्या गर्दीत गुदमराल. एकोणिसाव्यातली 33 आणि 34 ही प्रकरणं आधी वाचा, त्यांत ती दोन बायकांची हकीकत आहे. मग 94 ते 100, नबाती आणि डांबर. शवाचा गाडा अठराव्याच्या 26 ते 28 मध्ये सापडेल. मुखपृष्ठावर नाव डायोडोरसचं असेल.